ओळंबा कॅमेऱ्याला, भिंतीला नाही

पूर्णा सोडून नांदेडकडे निघालं की चुडावा लागतं. या पट्ट्यात माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर दिसलं की कॅमेरा काढण्याआधी मी त्याचं तोंड कुठे आहे ते पाहतो. दक्षिणेकडच्या भिंतीची सोय हिवाळ्यात आपोआप होते. सकाळचं तिरपं ऊन तिला घासून जातं. उत्तरेच्या भिंतीला मात्र डिसेंबरात ऊन शिवतही नाही. तिच्यासाठी मे महिना गाठावा. इथला अक्षांश साधारण १९ अंशांचा, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उगवतो तो पूर्वेच्या बराच उत्तरेकडून. त्या पहिल्या तासाभरात पांढऱ्या मातीत कालवलेला भुसा, सारवणाऱ्या हाताचे फराटे, चौकटीवरची नक्षी सगळं उठून येतं. नऊ वाजले की भिंत सपाट.

माळवद मुळात बुटकं आणि आडवं. जवळून वाइड लेन्स लावली तर कोपरा अंगावर येतो आणि बाकीचं घर मागे पळतं. मी सरळ रानात मागे सरकतो आणि ८५ मिलिमीटरची लेन्स लावतो. खालचा तिसरा हिस्सा काळ्या मातीला देतो. तूर उभी असली तर आणखी बरं. घर या रानाच्या जिवावर उभं राहिलं, तेव्हा रान चौकटीबाहेर ठेवणं मला पटत नाही.

संगणकावर बसल्यावर खरी परीक्षा. कॅमेरा वर उचलला असेल तर उभ्या रेषा आत झुकतात. त्या सरळ करायलाच हव्यात. पण सॉफ्टवेअरचं ‘ऑटो’ बटण दाबलं की भिंतीचा स्वतःचा झोकही पुसला जातो, आणि इथे तो झोक महत्त्वाचा. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार माणसांवर कोसळला. त्या धास्तीनं पुढे अनेकांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले. जी माळवदं उरली, त्यांच्या भिंतीचं पोट, कोपऱ्यातली भेग, वाकलेली तुळई ही त्या घराची तब्येत आहे. ती सरळ करण्याचा हक्क मला नाही. म्हणून मी तिपाईवरच कॅमेरा पाणसळीत धरतो, घर वरपर्यंत बसवायला मागे जातो आणि नंतर रेषांना हात लावत नाही.

रंगाचंही तसंच. पांढरी माती पांढरीशुभ्र नसते, राखाडीकडे झुकते. सॅच्युरेशन वाढवलं की मराठवाड्याचं घर राजस्थानातलं दिसू लागतं. हल्लीचे बरेच फोटो पाहून मला याचंच सगळ्यांत वाईट वाटतं. मी पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड धरतो आणि व्हाइट बॅलन्स त्यावरूनच ठरवतो. मग फक्त ओसरीतली सावली थोडी उघडायची, इतकीच की आतला खांब ओळखू यावा. विजेची तार आणि माळवदावरची डिश मी खोडत नाही. घरात माणसं राहतात. मूळ रॉ फाइल वेगळी जपतो आणि तिच्यासोबत गाव, तारीख, भिंतीची दिशा लिहून ठेवतो. उद्या कुणाला तेच माळवद दुरुस्त करायचं झालं, तर पन्हाळ कुठे होते आणि तुळया किती अंतरावर होत्या, हे त्या फाइलवरून ताडता येतं.