सोपारा की चौल?

मुलांनो, सिंदेवाहीहून समुद्र किती लांब आहे, ठाऊक आहे? पश्चिमेचा किनारा गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो! आपल्याकडे पाणी म्हणजे मामा तलाव, धानाच्या बांध्या आणि फार तर वैनगंगा. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत ‘मुंबई बघू, समुद्र बघू’ असं घरात ठरलं की झोपच उडते. पण आधी नागपूर गाठायचं, मग रात्रभर रेल्वे. एवढा खर्च दरवर्षी थोडाच होतो? अशा सहलीत जुनं बंदर बघायला एकच दिवस मिळाला, तर कुठं जाल? सोपाऱ्याला की चौलला?

निवड सोपी नाही बरं का! दोन्ही बंदरं तोलामोलाची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत समुद्रप्रवासाची एक माहितीपुस्तिका लिहिली. तिचं नाव ‘पेरिप्लस’. आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांच्या यादीत त्यानं ‘सुप्पारा’ आणि ‘सेमिल्ला’ ही नावं दिली आहेत. हेच आपले सोपारा आणि चौल, असं अभ्यासक मानतात. भूमध्य समुद्राकाठचा माल नाईल नदीतून वर यायचा, उंटांवरून तांबड्या समुद्रापर्यंत जायचा आणि जुलैच्या सुमारास जहाजं भारताकडे निघायची. का ठाऊक आहे? आपल्या धानाला पाऊस देणारे मोसमी वारेच त्यांची शिडं फुगवायचे!

आता सोपारा पाहू. मुंबईहून विरारकडे जाणाऱ्या लोकलनं नालासोपाऱ्याला उतरा आणि रिक्षा करा. खर्च कमी, वेळही कमी. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली इथं एक टेकाड खणलं. लोक त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. आत निघाला बौद्ध स्तूप! दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सगळ्यांत आत सोन्याचा, आणि त्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. याच गावात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचाही तुकडा सापडला.

पण मोठ्या अपेक्षेनं जाल तर हिरमुसाल. खाडी गाळानं भरली आणि बंदर नाहीसं झालं. आज स्तूपाचे अवशेष आहेत आणि भोवती दाटीवाटीची वस्ती. जहाजं मनानंच उभी करावी लागतात.

आणि चौल? गेटवे ऑफ इंडियाजवळून लाँचनं मांडव्याला जायचं, तिथून बसनं अलिबाग, आणि मग दक्षिणेला रेवदंडा-चौल. पावसाळ्यात या लाँच बंद असतात, हे आईबाबांनी ध्यानात ठेवावं. खर्च जास्त आणि दिवस पुरा जातो. पण इथं डोळ्यांना बघायला खूप आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, कुंडलिकेची खाडी, आणि रेवदंड्याला पोर्तुगिजांच्या कोटाची तटबंदी. 1508 साली याच पाण्यात पोर्तुगिजांचा आरमारी पराभव झाला आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. त्याआधी, 1469 च्या सुमारास, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौललाच उतरला होता. रेवदंड्यात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात तर पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक बोली अजून कानांवर पडते. तिथले लोक तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. दगड सगळीकडेच सापडतात हो, पण अशी जिवंत आठवण किती बंदरांत उरली असेल?

मग ठरवायचं कसं? ‘जास्त जुनं कोणतं, जास्त मोठं कोणतं’ यावर वाद घालू नका. काय तिथंच गेल्यावर मिळेल आणि काय दुसरीकडेही मिळेल, हे विचारा. अशोकाच्या सोपाऱ्याच्या लेखाचा एक तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो अर्ध्या दिवसात बघता येतो. खाडीवरचा वारा, तटबंदी आणि कोर्लईची बोली मात्र कोणत्याच कपाटात ठेवता येत नाही. म्हणून पहिल्यांदा समुद्र बघायला निघालेल्या मुलांनी एक दिवस चौलला द्यावा, असं आमचं मत. मात्र सोबत थकलेले आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ असेल, तर हट्ट करू नका. सोपाराच बरा. आणि तिथं हिरमुसायचं नसेल, तर स्तूपाची गोष्ट आधी घरी वाचून जा.

एक गंमत शेवटी सांगतो. आपल्या शेजारच्या नागभीड तालुक्यात देवटेक नावाचं गाव आहे. तिथल्या एका शिळेवर दोन लेख आहेत. त्यातला जुना लेख अशोकाच्या काळातला मानतात. प्राण्यांना पकडू नका, मारू नका, अशी आज्ञा त्यात आहे. ती शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात नेलेली आहे. म्हणजे सोपाऱ्याच्या बंदरात दगडावर अक्षरं कोरली जात होती, त्याच सुमाराला आपल्या झाडीतही ती कोरली जात होती! मुंबईची गाडी नागपूरहूनच सुटते ना? मग सकाळी जरा लवकर पोचा आणि आधी आपली शिळा कुठं आहे ते विचारा. मुंबईतला तुकडा बघताना ती आठवली, तर समुद्र काही तेवढा लांब वाटणार नाही.