बारामती, इंदापूर आणि जकातनाका

बारामतीचा इतिहास सांगा म्हटलें, कीं आमच्यांतील सुशिक्षित गृहस्थ मोरोपंतांपासून (१७२९–१७९४) आरंभ करतो व बाबूजी नाइकांच्या वाड्याशीं येऊन थांबतो. इंदापूरचें नांव निघालें, तर मालोजीराजे भोसले तेथील लढाईंत पडले, एवढें सांगून तो मोकळा होतो. ह्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु कवि आणि वीर हे गांवांत होऊन गेलेले पुरुष. खुद्द गांवाचें जें चरित्र, तें दिवाबत्ती, गटारें, पाण्याचे हौद आणि घरपट्टी ह्यांत असतें. त्याची बखर लिहावी असें फारसें कोणास वाटत नाहीं.

ह्या दोन्ही गांवांत म्युनिसिपालिटी स्थापन झाली ती १८६५ सालीं. आधार १८५० च्या सव्विसाव्या कायद्याचा. गांवकऱ्यांनीं अर्ज करावा, सरकारनें तो मान्य करावा, असें त्या कायद्याचें वरकरणी उदार रूप. पण सभासद नेमावयाचे सरकारनें आणि त्यांच्यांत बसावयाचें मॅजिस्ट्रेटानें! इंदापूरकरांस सरकारी प्रयोगांची संवय होतीच. मुंबई इलाख्यांत तीस वर्षांच्या मुदतीची नवी जमीन-आकारणी १८३६ सालीं प्रथम लागू झाली, ती त्यांच्याच तालुक्यास. पुढें १८८२ त लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, १८८४ च्या कायद्यानें लोकनियुक्त सभासदांची वाट रुंद झाली, आणि आजचा नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा.

कॉलेजांत युरोपचा इतिहास शिकवितांना आम्हांस हॉलंडचा धडा लागतो. हार्लेम शहरास तेथल्या काउंटानें १२४५ त सनद दिली. १८५१ त थोर्बेक ह्या मुत्सद्द्यानें शहर असो वा खेडें, साऱ्या पालिकांस एकच कायदा लाविला. तिकडे शहरांनीं हक्क आधीं मिळविला, कायदा मागून आला. इकडे कायदा आधीं आला. हक्काची भूक मागून लागावयाची होती. ती लागली काय?

आमचें आजोळ ह्याच बाजूच्या एका पेठेच्या गांवीं. तेथें नाक्यावर आडवा बांबू असे. गुळाची गाडी येई, कारकून ढेपा मोजी, पावती फाडी, मग बांबू वर जाई. मामा त्या कारकुनाच्या नांवानें बोटें मोडीत. सारें गांवच मोडी. परंतु गटार तुंबलें, कीं त्याच पावतीच्या जोरावर ते कचेरींत जाऊन मेजावर हात आपटीत. पैसा आमचा आहे, हें त्यांस कोणी शिकविलें नव्हतें. १९९९ त महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात बंद झाली व तिच्या जागीं राज्य सरकारचें अनुदान आलें. व्यापाऱ्यांस हायसें वाटलें, तें रास्तच. नाक्यावरचा खोळंबा कोणास हवा होता? पण मेजावर हात आपटण्याचें बळही त्या बांबूबरोबर गेलें, असें आम्हांस वाटतें.

हॉलंडांतही पालिकांचा बराच खर्च मध्यवर्ती निधींतून चालतो, असें कोणी म्हणेल. खरें आहे, परंतु तेथें दर चार वर्षांनीं निवडणूक होते. इकडे मुदती संपल्यावर बहुतेक नगरपालिकांवर २०२२ च्या सुमारास प्रशासक बसले आणि निवडणुका झाल्या २०२५ च्या डिसेंबरांत. मधल्या काळांत, बारामती-इंदापूरकडील मुलें ज्यांत पुष्कळ, अशा वर्गांत आम्हीं विचारलें, “तुमच्या वॉर्डाचा सभासद कोण?” “प्रशासक आहेत, सर,” एवढेंच उत्तर मिळालें, सांगणाऱ्याच्या मुद्रेवर खंत मुळींच नव्हती. १८६५ चे नेमलेले सभासदही निदान गांवचे होते!

तेव्हांपासून आम्हीं धड्याचा क्रम बदलला आहे. हार्लेमच्या आधीं मुलांना घरची घरपट्टीची पावती आणावयास सांगतों, आणि तिच्यांतील पैसे पालिकेचे किती व शिक्षणकर, रोजगार हमी कर म्हणून राज्य सरकारसाठीं वसूल केलेले किती, हें वेगळें काढावयास लावतों.