गाडीला लागलेली धाप

घरांत कांहीं बिघडलें कीं तें कुणाच्या हातून बिघडलें याचा निकाल आपण प्रथम देतों, आणि तें कशानें बिघडलें याची चौकशी मागाहून करतों. हा दोष माझ्यांतहि आहे, हें मला पन्नाशी उलटल्यावर कळलें. आणि तें कळण्यास निमित्त झाला आमच्या जुन्या पिकअप गाडीचा टर्बोचार्जर.

आमचें घर रत्नागिरी तालुक्यांतलें. भावाभावांचें एकत्र कुटुंब आणि आंब्याची बागाईत. २०११ सालीं घेतलेली ही डिझेलची पिकअप म्हणजे घरांतलें एक कमावतें माणूसच. चैत्र-वैशाखांत हापूसच्या पेट्या घेऊन आंबा घाट चढावयाचा आणि माल कोल्हापूरच्या बाजारांत पोंचवावयाचा, हें काम तिनें चौदा वर्षें बिनबोभाट केलें. गाडी चालवितो माझा पुतण्या. खर्चाची वही असते माझ्या हातीं.

२०२५ सालच्या एप्रिलांत एके पहाटे भरली गाडी घाटांत असतांना तिचा जोर एकाएकीं ओसरला. आधीं काळा धूर आला, मग भोंग्यासारखी शीळ ऐकूं येऊं लागली, आणि शेवटीं निळा धूर निघाला. पुतण्यानें गाडी तत्काळ थांबविली, पेट्या दुसऱ्या गाडींत चढवून माल वेळेवर पोंचविला, आणि आमची गाडी टोचन करून परत आणली. वास्तविक मीं त्याची पाठ थोपटावयास हवी होती. परंतु ओटीवर सर्वांच्या देखत मी म्हणालों, "घाटांत शर्यत लावली असशील, दुसरें काय!" तो कांहींच बोलला नाहीं. हातपाय धुऊन तो मुकाट्यानें आंत गेला. मातोश्री माझ्याकडे नुसत्या पाहात राहिल्या.

टर्बोचार्जर ही वस्तु मोठी मजेची आहे. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरानें एक लहान पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकाला असलेला दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतो. हवा अधिक मिळाली म्हणजे डिझेलहि अधिक जाळतां येतें, आणि तेवढ्याच इंजिनांतून जोर जास्त निघतो. वायां जाणाऱ्या धुराला कामाला लावण्याच्या या युक्तीचें पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं घेतलें. आमच्यासारख्या गाडींतला हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, आणि तेहि बेअरिंगांत तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तो थर तुटला कीं धातूवर धातु घासलाच म्हणून समजावें.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींच्या गॅरेजांत आम्ही पर्याय मोजीत बसलों. कंपनीचा नवा टर्बो महाग. हुबेहूब दिसणारी नक्कल त्याच्या मानानें फारच स्वस्त. माझें मन अर्थातच तिकडे धांवलें. तिसरा मार्ग म्हणजे जुन्याचा मधला गाभा, म्हणजे दांडा, पंखे आणि बेअरिंगें, तेवढा बदलून घेणें. शिवाय पुतण्याच्या एका मित्राचा सल्ला होता कीं, बसवावयाचाच तर मोठ्या इंजिनाचा टर्बो बसवावा, म्हणजे गाडी घाटांत उडेल.

मिस्त्रींनीं एकेकाचा समाचार घेतला. "मोठा पंखा फिरायला धूरहि जास्त लागतो, भाऊ. घाटांत इंजिन सावकाश चालत असतांना तो जागाच होणार नाहीं. आणि जागा झाला कीं हा जादा जोर चौदा वर्षांच्या पिस्टनांना, गास्केटला नि क्लचला सोसायचा आहे. नकलेचा दांडा तोललेला असेल कीं नाहीं, कोण सांगणार? लाख फेऱ्यांना केसाएवढा फरकहि पुरे होतो. गाभा बदलणें चांगलें, पण बाहेरचीं कवचें शाबूत असतील तर." त्यांनीं जुना टर्बो उघडून दाखविला. दांडा इतका सैल झाला होता कीं पंखा कवचाला घासून आंत खोल चरे पडले होते. तो मार्गहि खुंटला.

मग ते म्हणाले, "टर्बो आज ना उद्यां आणूं, पण हा मेला कशानें तें आधीं पाहूं. नाहींतर नवाहि त्याच वाटेनें जाईल." त्यांनीं टर्बोला तेल पुरविणारी बारीक नळी सोडवून माझ्या हातांत दिली. जळलेल्या तेलाच्या काळ्या खरपुडीनें ती निम्म्याहून अधिक बुजली होती. "तेल कधीं बदललें होतें?"

उत्तर माझ्या वहींत होतें. घरीं येऊन पाहिलें, तों पौषांतल्या एका पानावर पुतण्याच्या अक्षरांत नोंद होती: 'तेल व फिल्टर बदलणें, काकांना सांगितलें.' तिच्याखालीं माझ्याच अक्षरांत शेरा: 'हंगाम संपल्यावर पाहूं.' ज्या काटकसरीचा मला अभिमान, तिनेंच गाडीचा घात केला होता. आणि ज्यानें सावध केलें त्यालाच मीं दोष दिला होता.

रात्रीं पंगतींत सर्वांच्या समक्ष मीं ती नोंद वाचून दाखविली आणि म्हटलें, "चूक माझी होती. काल मी बोललों तें मागें घेतों." आमच्या घरांत वडील माणसानें धाकट्यापुढें असें बोलण्याची चाल नाहीं, क्षणभर सर्वांचे हात थांबले. पुतण्या खालीं मान घालूनच म्हणाला, "काका, पुढची तारीख मी भिंतीवरच लिहून ठेवतों. वही तुमच्या कपाटांत असते." मातोश्री हंसल्या, आणि जेवण पुढें सुरू झालें.

ओटीच्या कौलांसाठीं ठेवलेल्या रकमेंतून आम्हीं कंपनीचाच टर्बो आणला. एकाच नांवाच्या गाड्यांतहि निरनिराळे टर्बो असतात, म्हणून जुन्याच्या पट्टीवरचा क्रमांक उतरवून घेतला होता. तेलाची नळी नवी घातली, तेल आणि दोन्ही फिल्टर बदलले, आणि हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरांत सांचलेलें तेल धुऊन काढलें. तें राहिलें तर इंजिनांत ओढलें जाऊन तें बेफाम सुटण्याचें भय असतें. बसवितांना टर्बोंत आधीं तेल सोडलें, मगच इंजिन सुरू केलें.

आतां घाट चढून गेल्यावर पुतण्या गाडी एकदम बंद करीत नाहीं. तापलेला टर्बो निवेपर्यंत इंजिन दोनएक मिनिटें हळू चालूं देतो. घरांत कांहीं बिघडलें म्हणजे मीहि आतां तेवढा वेळ थांबतों, आणि मग बोलतों. ओटीचीं कौलें मात्र यंदां तशींच राहिलीं. पावसाळ्यांत दोन ठिकाणीं गळतें, तेथें आम्ही घमेलीं ठेवतों.