बुरशीचं चालू खातं

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या बागेत जे लावलेलं असतं ते सोडून बाकी सगळं उगवतं. उन्हाळ्यात ओल टिकावी, तण माजू नये म्हणून माळीदादांनी सुताराकडच्या लाकडाच्या ढलप्या पोत्यांनी आणून झाडांच्या बुंध्याशी पसरल्या. पावसानं त्यांवर असं काही प्रदर्शन मांडलं, की कमिटीची तातडीची सभा भरली.

पहिलं प्रकरण पिवळंधमक. कुणाचं तरी पिठलं सांडलं असावं, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पिठलं दोन बोटं पुढे सरकलेलं! शास्त्रज्ञ याला श्लेष्मकवक म्हणतात. ही खरी बुरशीही नव्हे. जिवाणू खात सरपटणारा वेगळाच जीव. आमच्या कर्जाच्या फायलींना हा वेग झेपायचा नाही.

दुसरं म्हणजे नखाएवढी घरटी आणि त्यांत मोहरीएवढी ‘अंडी’. पावसाचा थेंब नेमका घरट्यात पडला की अंडं उडून तीनेक फुटांपर्यंत जातं. प्रवासभत्त्याचं बिल नाही!

तिसरी नवरीसारखी, पांढऱ्या जाळीचा झगा ल्यालेली. वास मात्र मेलेल्या उंदराचा. त्याला भुलून माश्या येतात आणि बीजाणू घेऊन जातात. स्थळं पाहण्याची रीत ज्याची त्याची.

“ढलप्या उचला, फिनेल ओता, आणि हा रोग आणणाऱ्या माळ्याला काढा,” सेक्रेटरी म्हणाले. माळीदादा दाराशी टोपी चुरगाळत उभे. तळमजल्याच्या काकूंची काळजी खरी होती : “पोरांनी तोंडात घातलं तर?”

“काकू, पोरांना हात लावू द्यायचाच नाही,” मी म्हटलं. “विषारी कुठली, हे नुसतं पाहून आपल्याला सांगता येत नाही. पण रोग म्हणू नका. लाकूड म्हणजे झाडाची मुदत ठेव. त्यातलं लिग्निन भल्याभल्यांना पचत नाही. बुरशी ती ठेव मोडते आणि मातीच्या चालू खात्यात जमा करते. वर दिसतात त्या चार दिवसांच्या छत्र्या. खरं काम ढलप्यांच्या आत, पांढऱ्या धाग्यांचं. कारकुनाचंही तेच. वर्षभर मान मोडून बसलेला कुणाला दिसत नाही. हिशेबात दोन रुपयांचा फरक आला की सगळी शाखा बघायला येते. फिनेल ओताल तर कारकूनच मराल... म्हणजे, माराल!”

सभा हसली. हसलेली सभा कुणाला नोकरीवरून काढत नाही, हा माझा युनियनमधला अनुभव. फिनेल रद्द झालं, मुलांसाठी दोरी बांधायचं ठरलं, माळीदादा कायम राहिले. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं : ‘बुरशीस पुढील सभेपर्यंत मुदतवाढ.’

बुरशीनं तेवढी वाट पाहिली नाही. चार दिवस ऊन पडताच छत्र्या मिटल्या आणि काम पुन्हा ढलप्यांखाली सुरू झालं. वरिष्ठांच्या नजरेआड अशी बदली आम्हांला अर्ज करूनही मिळत नाही.