१६९ चॉकलेटांचं झाड

तुमच्या वर्गात कुणाचा वाढदिवस असला की काय होतं, ते मी न बघता सांगू? त्या दिवशी त्याला गणवेश माफ. नवा ड्रेस घालून स्वारी येते, हातात चॉकलेटांची पिशवी असते आणि पहिला तास कधी संपतोय याकडे सगळ्या वर्गाचे डोळे लागलेले असतात. मुलांना एकेक, बाईंना मात्र दोन! हा नियम कुणी केला कोण जाणे, पण मी आजवर शिकवलं त्या सगळ्या शाळांत तो अगदी कडक पाळला जातो.

आता गंमत बघा. आमची शाळा जिल्हा परिषदेची, वसई तालुक्यातल्या एका गावात. वर्ग पहिली ते चौथी, पट ११८. दुसऱ्या वर्गातली मुलंही मला चॉकलेट द्यायला येतात. मला गोड फारसं आवडत नाही, आणि "नको" म्हटलं तर मुलांची तोंडं एवढीशी होतात. म्हणून मी ती घेते आणि कपाटातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकते. जून ते डिसेंबर डबा भरत जातो. पावसाळ्यात चिकट झालेल्या गोळ्या वेचून काढल्या, तरी २०२४ च्या डिसेंबरात डब्यात चांगली १०४ चॉकलेटं शिल्लक होती.

चॉकलेटं म्हणायची एवढंच हं! खरं म्हणजे त्यातल्या निम्म्या गोळ्यांना कोकोचा वाससुद्धा लागलेला नसतो. पण आपण मराठी माणसं रंगीत कागदात पीळ देऊन बांधलेल्या प्रत्येक गोड गोळीला चॉकलेटच म्हणतो. विलेपार्ल्याला १९२९ साली जो प्रसिद्ध कारखाना सुरू झाला, त्यानंही आधी गोळ्याच केल्या, बिस्किटं नंतर आली. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या गोळ्या तर तुमच्या आईबाबांना नक्की आठवतील, विचारून बघा.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या चौथीत एक नवी मुलगी आली. तिचे आईवडील गावाबाहेरच्या वीटभट्टीवर कामाला. दिवाळी झाली की भट्टीवर यायचं आणि पावसाच्या आधी आपल्या पाड्यावर परत जायचं, असा त्यांचा दरवर्षीचा क्रम. ती शिक्षण हमी कार्ड घेऊन आली होती. कार्डावर जन्मतारीख होती १ जून.

मोठ्या माणसांना हे वाचून हसू येईल. आपल्या राज्यात १ जूनला वाढदिवस असलेली माणसं किती आहेत, मोजदाद करायला गेलं तर दमछाक व्हायची! त्याचं कारण साधं आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली, की गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, म्हणजे वय मोजायला सोपं. आता बहुतेक मुलांचे जन्मदाखले असतात. पण कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या घरांत अजूनही कागद हरवतात, किंवा मुळात काढलेलेच नसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला शाळेत घ्यायचं नाकारता येणार नाही. ते योग्यच आहे. पण मग १ जून काही सुटत नाही.

आमच्या वर्गात २९ मुलांपैकी अशी पाच होती. आणि १ जूनला शाळा असते का? नाही! उन्हाळ्याची सुट्टी. म्हणजे या पाच जणांना वर्गात कधी नवा ड्रेस घालून यायचं नाही, कधी पिशवी घेऊन ओळीतून फिरायचं नाही. घ्यायचं सगळ्यांकडून, द्यायचं मात्र कधीच नाही. तुम्ही म्हणाल, बरंच आहे की, खर्च वाचला! पण एकदा मधल्या सुट्टीत एक मुलगा तिला म्हणाला, "तू फक्त खातेसच." ती काही बोलली नाही. चॉकलेट तोंडात होतं, ते तिनं कागदात परत काढून ठेवलं. मी पाहत होते.

डिसेंबर लागला की वसईत घरोघर चांदण्या लागतात. आमच्या गावात ख्रिस्ती घरं पुष्कळ. कुणाच्या अंगणात नाताळचा गोठा तयार होत असतो, त्यात गवत, माती, मेंढ्या, सगळं काही. शाळेच्या दारातल्या टेबलावर नाताळसाठी काहीतरी मांडू या, असं मुलांनी धरलं. डबा डोळ्यांसमोर होताच. म्हटलं, चॉकलेटांचं झाड करू.

डी.एड.ला आम्हांला कार्यानुभव शिकवताना असल्या वस्तूंसाठी सरळ थर्माकोल वापरायचे. आता नाही. २०१८ पासून आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि चांगलंच झालं. आम्ही जुन्या कॅलेंडरांचे पुठ्ठे चिकटवून एक मोठा पुठ्ठा केला. पेन्सिलीला दोरा बांधला, ३० सेंटिमीटरवर धरला आणि अर्धवर्तुळ काढून कापलं. त्याच्या सरळ कडेचे दोन भाग एकमेकांवर आणून चिकटवले, की झाला शंकू! वर हिरवा पताक्यांचा कागद. करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. खळ मात्र मैद्याची, घरी शिजवलेली घ्या.

पुढचा प्रश्न, चॉकलेटं लावायची कशी? खळीवर ती टिकेनात. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना मला नको होत्या, कारण हे झाड शेवटी पोटात जायचं होतं आणि पहिलीची पोरं कागदासकट तोंडात घालतात. तेव्हा आमच्या वर्गातल्या दोघी पुढे आल्या. त्यांच्या घरी मोगरा. वसईचा मोगरा पहाटेच्या गाडीनं मुंबईच्या बाजाराला जातो, हे तुम्हांला ठाऊक असेल. गजरा गुंफायचा त्यांचा हात असा चालतो, की बघत राहावं. त्यांनी चॉकलेटाच्या कागदाचं एक टोक दोऱ्याच्या फासात धरलं, दुसरं मोकळं सोडलं, आणि ओळीनं चॉकलेटं गुंफत गेल्या. चॉकलेटांचा गजरा!

पोरांनी पहिली माळ उत्साहानं शेंड्याला बांधली. खालची बांधायला घेतली तर तिचा दोरा वरच्या चॉकलेटांखाली काही जाईना. ओढाताण सुरू झाली. तेव्हा ती नवी मुलगी, दोन आठवड्यांत पहिल्यांदाच, मोठ्यानं बोलली. "खालून लावा. घर शाकारताना बाबा खालूनच लावतो. मग वरचं खालच्याची गाठ झाकतं."

खरंच की! कौलं असोत नाहीतर गवत, छपराची सुरुवात वळचणीकडूनच होते, म्हणजे पाणी आत शिरत नाही. आम्ही सगळं सोडलं आणि खालून सुरुवात केली. त्या क्षणापासून मुख्य मिस्त्री ती. बाकीचे हाताखाली.

आता जरा गणित करू. दोन चॉकलेटांमध्ये ३ सेंटिमीटर अंतर, दोन माळांमध्येही ३ सेंटिमीटर. सगळ्यांत खालच्या माळेत ३१ चॉकलेटं बसली. तिच्या वरच्या माळेत २८. मग २५, मग २२. मुलं ओरडायला लागली, "बाई, तीनाचा पाढा उलटा!" पुढे एकदा मात्र चार कमी झाली, १८ आली. मग परत १५, १२, ९, ६, ३. मधेच चार का? तर अर्धवर्तुळाचा शंकू केला, की अशा मांडणीत दर माळेला तीनच नव्हे, तीनाहून किंचित जास्त कमी होत जातात. ते किंचित साठत साठत एका माळेत एक पूर्ण चॉकलेट खातं. तीनाहून किंचित जास्त म्हणजे किती, हे वरच्या वर्गातल्या दादा-ताईला विचारा. वर्तुळ आलं की ती संख्या कुठून ना कुठून डोकावतेच.

बेरीज झाली १६९. आणि डब्यात होती १०४. म्हणजे ६५ कमी!

दुकानातून आणता आली असती, ६५ रुपयांचा प्रश्न होता. एकदोन पालकांनी पैसेही देऊ केले. मला ते नको वाटलं. मग तर ते आम्ही विकत आणलेलं झाड झालं असतं. आमच्या पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "चिक्की करू की बाई!" पाव किलो शेंगदाणे, पाव किलो गूळ. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर कडक होऊन कट्‌कन मोडला, की दाण्याचं कूट घालायचं, तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि गरम असतानाच वड्या पाडायच्या. गार झाल्यावर सुरी चालत नाही, हातोडी लागते! ६५ छोट्या वड्या व्यवस्थित निघाल्या. पण त्यांना चमचमते कागद कुठून आणायचे?

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं दप्तरातून एक वही काढली. जुनी, पाठकोरी. प्रत्येक पानात चॉकलेटाचे रिकामे कागद, नखानं घासून सपाट केलेले. लाल, निळे, सोनेरी. एकाच जातीचे समोरासमोर. काही आमच्या वर्गातले होते. बाकीचे तिनं आधीच्या भट्टीजवळच्या शाळेत, रस्त्यावर, बाजाराच्या दिवशी जमवलेले. मोजले तर ७१.

"देशील?" मी विचारलं. तिनं वही छातीशी धरली. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "परत मिळतील?" वर्गानं कबूल केलं, एकूण एक परत मिळतील.

कागद साबणाच्या पाण्यानं पुसले, वाळवले. चिक्कीची वडी आधी स्वच्छ बटर पेपरमध्ये, मग वरून तिचा कागद. झाड पुरं झालं तेव्हा यातलं चॉकलेट कुठलं आणि चिक्की कुठली, मलाही ओळखता येईना. शेंड्याला पुठ्ठ्याची चांदणी. टेबल मात्र सावलीत ठेवलं. अस्सल चॉकलेटातलं कोकोचं लोणी ३४-३५ अंशांना वितळायला लागतं, म्हणजे नुसतं मुठीत धरलं तरी पुरे.

शनिवारी झाड मांडलं आणि मी मुलांना हंगेरीची गोष्ट सांगितली. तिकडे नाताळच्या झाडावर कागदात गुंडाळलेल्या मिठाया टांगतात, त्यांना सालोनत्सुकोर म्हणतात. तिथली खोडकर मुलं काय करतात, आतली मिठाई हळूच खातात आणि कागद तसाच फुगवून झाडावर ठेवतात! मंगळवारी झाड उतरवायला घेतलं, तेव्हा तीन कागद आत हवा भरून डौलात लटकत होते. गोष्ट पटलेली दिसली.

मंगळवार म्हणजे २४ डिसेंबर. वाटायचं कुणी, हे मी आधीच ठरवलं होतं: १ जूनवाल्या पाच जणांनी. पण त्यांना एक काम दिलं होतं, घरी विचारून यायचं की तुम्ही नेमके कधी जन्मलात. एकाच्या आजीनं सांगितलं, पोळ्याला, बैलांच्या शिंगांना रंग लावत होतो तेव्हा. एकीच्या आईच्या ट्रंकेत दवाखान्याचा चुरगळलेला कागदच सापडला, तारीख ९ फेब्रुवारी. एक पठ्ठ्या तर खरोखरच १ जूनचा निघाला! वर्गानं त्याला टाळ्या दिल्या. एकाच्या घरी कुणालाच आठवेना, तो म्हणाला, "मग मी आजचाच घेतो."

आमच्या मिस्त्रीणबाईंची आई सकाळी स्वतःच आली होती. दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "भात झोडून झालं होतं, भट्टीवर आलो होतो. अन् गावात ह्या अशा चांदण्या लागल्या होत्या." तिनं हातानं समोरच्या घराकडे दाखवलं.

पाच जणांनी वरून खाली एकेक माळ सोडली आणि चारही वर्गांत फिरून चॉकलेटं वाटली. उरलेली अंगणवाडीत गेली. जो मुलगा "तू फक्त खातेसच" म्हणाला होता, त्याला तिनं सोनेरी कागदातली चिक्की दिली आणि तिथंच उभी राहिली. त्यानं वर बघितलं. ती म्हणाली, "खा. कागद पाहिजे मला."

मग ती सगळ्या शाळेत फिरली. स्वतःचे मागितले, दुसऱ्यांचेही मागितले. त्या संध्याकाळी वहीत १३८ कागद झाले.

पालकांनो, आता अनेक शाळांत वाढदिवसाला चॉकलेट नको, पेन्सिल द्या किंवा झाड लावा असं सांगतात. दातांच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त आपल्या मुलाच्या वर्गात १ जूनवाले किती आहेत, तेवढं एकदा बाईंना विचारा.

मे महिन्यात भट्टी बंद झाली. शिक्षण हमी कार्डावर मी सही केली. जन्मतारखेच्या रकान्यात अर्थातच १ जून. ती बदलायला मुख्याध्यापक सरांनी आईला कागदपत्रांची यादी करून दिली आहे, बघू या. निघताना तिनं वही दप्तरात दोन जाड पुस्तकांच्या मधोमध घातली. कागदांना घड्या पडू नयेत म्हणून.