होयबा

‘नाही’ म्हणणाऱ्या कारकुनाला जगात कुणी चहा पाजत नाही. ‘या नावाचं खातं आमच्याकडे नाही’ असं तोंडावर सांगणारा उद्धट ठरतो आणि ‘बघतो हं साहेब, होऊन जाईल’ म्हणणारा लाघवी. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर माझं मत नेमकं उलट झालं आहे. मध्यंतरी संगणकानेही माझ्या बाजूने साक्ष दिली.

आमचा भाचा एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्या कामात ‘कंटेनर’ असतात. न्हावाशेव्याला बोटीवर चढतात तसलेच, फक्त लोखंड वजा. आत एक प्रोग्रॅम, त्याला लागणारं सगळं सामान, आणि बाहेरच्यांना मज्जाव. २०१३ साली डॉकर आलं आणि हे पेटारे सगळीकडे झाले. पण पेटारा मोडीत काढला की आतलं लिखाणही जातं. म्हणून दप्तराचं कपाट बाहेर यंत्रावर ठेवायचं आणि त्याचा दरवाजा पेटाऱ्यात उघडून द्यायचा. याला ‘माउंट’ म्हणतात. आधी बाहेरचा पत्ता, मध्ये अपूर्णविराम, मग आतला पत्ता. झालं!

एका रविवारी रात्री भाचा पांढराफटक पडून म्हणाला, “मामा, सहा आठवड्यांच्या नोंदी गेल्या!” दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याचे साहेब त्याच नोंदी गिऱ्हाइकाला दाखवणार होते. पडद्यावर मात्र कसलीच तक्रार नव्हती. प्रोग्रॅम चालू, पोस्टग्रेस चालू, फक्त खाती शून्य. “सगळं पुसून पहिल्यापासून मांडतो,” असं म्हणत त्याने हात उचललासुद्धा.

“थांब,” मी म्हटलं. “शिल्लक जुळली नाही म्हणून आम्ही लेजर जाळत नाही. पत्ते मोठ्यांदा वाच.”

डॉकरला ‘इन्स्पेक्ट’ म्हटलं की कुठलं कपाट कुठे जोडलंय ते तो दाखवतो. भाच्याने वाचलं आणि थबकला. त्याचं खरं फोल्डर मोठ्या डीचं ‘डेटा’. त्या दिवशी आज्ञा नव्याने टाइप करताना डी पडला होता लहान. लिनक्सच्या लेखी ही दोन निराळी फोल्डरं. सही जुळवताना आम्ही इतके कडक असतो म्हणून लोक आम्हाला नावं ठेवतात!

पुढची गंमत ऐका. माउंटची जी जुनी रीत आहे, ‘वजा व्ही’ची, तिच्यात बाहेरचा पत्ता अस्तित्वातच नसला तर डॉकर हूं की चूं करत नाही. त्या नावाचं कोरं फोल्डर स्वतःच बनवतो आणि जोडून देतो. पोस्टग्रेसला कपाट रिकामं दिसलं. त्याला वाटलं, नवीन शाखा दिसतेय. त्याने कोऱ्या वह्या उघडल्या. सगळेच लाघवी, विचारणारा कुणी नाही.

याच लाघवीपणाने, तुम्ही एखादी फाइल जोडायला सांगितली आणि ती जागेवर नसली, तर तिच्या नावाचं फोल्डर तयार होतं. मग तोच डॉकर विचारतो, फाइलवर फोल्डर चढवताय काय? म्हणजे पोर ह्याचं आणि बारसं आपल्या दारात!

‘परवानगी नाही’ असा खेकसणारा प्रकार त्यापेक्षा बरा. लिनक्स मालक ओळखतो तो क्रमांकाने. आतला माणूस ९९९ आणि कपाटाचा मालक १००० असला की नावाच्या पाट्या कितीही जुळोत, दार बंद. चीड येते, पण निदान चोर सापडतो.

आतल्या भरल्या फोल्डरवर माउंट चढवलं तरी खालचं पुसलं जात नाही, झाकलं जातं. माउंट काढलं की पुन्हा दिसतं. भाच्याच्या नोंदी तर मोठ्या डीच्या फोल्डरात सुखरूप झोपल्या होत्या. एक अक्षर बदललं आणि सहा आठवडे परत आले. बोट आधी पुसण्याकडे गेलं असतं तर काय झालं असतं, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

तेव्हापासून तो ‘माउंट’ या पूर्ण शब्दाची लांबलचक रीत वापरतो. तिथे पत्ता नसला तर डॉकर सरळ सांगतो, असली जागा नाही, आणि कामच सुरू करत नाही.

परवा फोनवर कुरकुरत होता, “मामा, हा फार कटकट्या आहे. सकाळपासून तीनदा नाही म्हणाला.”

“त्याला चहा पाज,” मी म्हटलं.