तीन मूर्तींच्या चौकांत

गेल्या हिवाळ्यांत कांहीं घरगुती कामानिमित्त दिल्लीस जाण्याचा योग आला. बरोबर आमच्या वृद्ध आत्याबाई होत्या. राजधानींत पाहण्यासारखें पुष्कळ आहे व त्याचीं वर्णनें वाचकांनीं अनेकदां वाचलीं असतील. म्हणून किल्ले आणि मंदिरें यांची यादी येथें देत नाहीं. ज्या एका चौकानें आमच्या मनांत घर केलें, त्याविषयींच चार शब्द लिहितों.

हा चौक नव्या दिल्लींत एका प्रशस्त वाड्यासमोर आहे. वाडा पूर्वीं इंग्रज सरसेनापतीचा. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू १९६४ सालीं निधन पावेपर्यंत तेथें राहत असत, व आज तेथें पंतप्रधानांचें संग्रहालय आहे. चौकाच्या मध्यभागीं उंच दगडी स्तंभ असून त्याच्या भोंवतीं फेटे बांधलेल्या तीन शिपायांच्या ब्राँझच्या मूर्ती उभ्या आहेत. त्या लेनार्ड जेनिंग्ज या शिल्पकारानें घडविल्या. पहिल्या महायुद्धांत सिनाई, पॅलेस्टाईन व सीरिया या प्रदेशांत जोधपूर, म्हैसूर व हैदराबाद या संस्थानांचे जे लोक कामास आले, त्यांचें हें स्मारक १९२२ सालीं उभारलें गेलें. २०१८ सालापासून चौकाच्या नांवास ‘हैफा’ हा शब्द जोडला आहे.

पुतण्या ही हकीकत सांगत असतां आत्याबाई मूर्तींकडे टक लावून पाहत होत्या. मध्येंच त्यांनीं विचारलें, “अरे, स्वार म्हणतोस ना यांना? मग यांचे घोडे कुठें आहेत?”

आम्ही निरुत्तर झालों. खरोखरच तिघेही पायीं उभे होते. आत्याबाईंच्या लहानपणीं आमच्या घरीं टांग्याचा घोडा होता. दसऱ्यास त्याच्या कपाळीं कुंकूं व गळ्यांत झेंडूची माळ पडल्यावांचून घरांत पान वाढलें जात नसे. त्यांच्या नजरेस ही उणीव प्रथम यावी, यांत नवल तें काय?

हैफाची लढाई २३ सप्टेंबर १९१८ रोजीं झाली. गांवाच्या एका अंगास कार्मेल डोंगर, दुसऱ्या अंगास किशोन नदीची दलदल, आणि समोर तुर्कांच्या तोफा व मशीनगना. जोधपूरच्या स्वारांनीं भाले रोखून या चिंचोळ्या वाटेनें दौड केली. म्हैसूरची एक तुकडी डोंगरावरील तोफांवर चालून गेली. त्या बिकट चढणींत कित्येक घोडे लंगडे होऊन मागें पडले. नदीकांठच्या रेतींत कांहीं घोडे रुतले. परंतु सर्वांत विलक्षण गोष्ट ही कीं, अंगांत गोळ्या शिरल्या असतांही घोडे थांबले नाहींत. स्वारास शत्रूवर पोंचवून, काम आटोपल्यावर, त्यांतील पुष्कळांनीं प्राण सोडले. त्या दिवशीं आठ शिपाई पडले व ३४ जखमी झाले. पडलेल्यांत जोधपूरचे मेजर दलपतसिंह होते. घोडे मात्र ६० मेले व ८३ जखमी झाले.

शिपाई निदान जाणून उमजून रणांत उतरतो. मागें त्याच्या मुलाबाळांस पेन्शन मिळतें, दगडावर नांव कोरलें जातें. घोड्यास यांतलें कांहींच नाहीं. आणि जे जगले त्यांची गत काय झाली? ऑस्ट्रेलियानें त्या युद्धासाठीं १,३०,००० हून अधिक घोडे परदेशीं धाडले. मायदेशीं परतला तो एकच, सँडी नांवाचा. उरलेल्यांतील कित्येक म्हातारे घोडे गोळी घालून मारले गेले, कित्येक विकले गेले. विजयी फौजेचे असे अनेक घोडे कैरोच्या दगडांच्या खाणींत व गाड्यांना जुंपले गेले. डोरोथी ब्रुक ही इंग्रज बाई १९३० सालीं तेथें गेली, तेव्हां हाडांचे सांपळे झालेले हे जुने सैनिक तिला दिसले. १९३१ सालीं तिनें लंडनच्या वर्तमानपत्रांत पत्र लिहून पैसा जमविला, सुमारें ५,००० घोडे विकत घेतले, व १९३४ सालीं कैरोंत घोड्यांचें रुग्णालय काढलें. बहुतेक घोडे इतके खंगलेले होते कीं, चार दिवस पोटभर चारा व मऊ बिछायत देऊन त्यांना सुखानें मरण देणें एवढेंच तिच्या हातीं होतें. युद्ध संपल्यावर बारा वर्षांनीं त्यांना ही विश्रांति मिळाली!

आपल्या महाभारतांत जयद्रथवधाच्या दिवशीं अर्जुनाचे घोडे थकले, तेव्हां भगवंतांनीं भर रणांत ते रथाचे सोडले, त्यांच्या अंगांतील बाण स्वहस्तें उपटले, त्यांना पाणी पाजलें, आणि मगच पुन्हां जुंपले. सूर्य मावळण्यापूर्वीं प्रतिज्ञा पुरी व्हावयाची होती, घटका मोलाची होती; तरी तेवढा वेळ काढला गेला. ही कथा आपण घरोघर ऐकतों. परंतु तिच्यांतील हा भाग आमच्या मनावर खरा ठसला तो दिल्लीच्या त्या चौकांत.

परततांना आत्याबाई इतकेंच म्हणाल्या, “यंदा दसऱ्याला एक माळ जास्त करा.” ती केली. घरांत आतां घोडा नाहीं. म्हणून देव्हाऱ्यापाशींच ठेविली.